मुक्त विद्येची मोजणी

अकोल्यास 20 ऑक्टोबर 1969 रोजी पंजाबराव कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा विदर्भातील कापूस, ज्वारी आणि तूर यांविषयीचे शास्त्रीय ज्ञान पुढे ज्या दप्तरात साठत जाणार होते, ते दप्तर रयतेला कितपत उघडे राहील, हा प्रश्न आकड्यांच्या भाषेत कोणी विचारला नव्हता. ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ उभे राहिले, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढून बहुजनांच्या मुलांना शिक्षणाची वाट मोकळी करून दिली होती. विद्या सर्वांची असावी, ही भावना म्हणून वऱ्हाडात जुनीच. ती किती प्रमाणात सर्वांची झाली आहे याची मोजदाद करण्याचे शास्त्र मात्र अगदी अलीकडचे.

आरंभीच्या त्या दशकांत संशोधनाचा सारा व्यवहार कागदावर चाले. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा टंकलिखित प्रबंध कापडी बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटात जाई. विद्यापीठाच्या संशोधन पत्रिकेचे अंक टपालाने इतर संस्थांकडे रवाना होत. आणि परगावच्या अभ्यासकाला एखादा लेख हवा असल्यास तो लेखकास पत्र टाकून स्वतंत्र छापील प्रत मागवीत असे. शेतकऱ्यासाठी वेगळी वाट होती: शिवारफेरीच्या दिवसांत विद्यापीठाची प्रयोगक्षेत्रे लोकांना खुली होत, आणि ज्याला प्रबंध कधी दिसणार नव्हता तो त्या प्रबंधातले पीक बांधावर उभे राहून निरखीत असे. ज्ञानाच्या मुक्ततेचा याहून प्रामाणिक प्रकार मला ठाऊक नाही, आणि तो कोणत्याही जागतिक गणनेत धरला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

संगणकाचे जाळे पसरल्यावर या व्यवहाराचे स्वरूप पालटले. 2002 साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने शास्त्रीय वाङ्मय वाचकास विनामूल्य आणि पुनर्वापराच्या मुभेसह मिळावे, अशी मागणी मांडली. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 2010 मध्ये आपली प्रमुख संशोधन नियतकालिके संकेतस्थळावर मोकळी केली, 2013 मध्ये मुक्त उपलब्धतेचे धोरण जाहीर केले, आणि ‘कृषिकोश’ या भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध, अकोल्याचेही, जमा होऊ लागले. अमरावती विद्यापीठासारख्या संस्थांच्या प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ हे भांडार आहे.

मग प्रश्न आला मोजणीचा. संशोधक ब्यर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हिशेब मांडला, तो असा की 2008 च्या लेखांपैकी सुमारे 20 टक्के लेख विनामूल्य वाचता येतात. तीनच वर्षांनी युरोपीय आयोगासाठी झालेल्या पाहणीने 2011 च्या लेखांबाबत हे प्रमाण निम्म्याच्या घरात सांगितले. इतक्या थोड्या काळात जग एवढे उदार झाले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कारण नमुना कोणता, शोध कोठे घेतला आणि लेख छापून किती काळ लोटल्यावर घेतला, यांवर आकडा हलतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हीदर पिवोवर यांच्या मोठ्या अभ्यासात तर हे एकाच ठिकाणी दिसते: डीओआय क्रमांक, म्हणजे लेखाची कायमची अंकीय ओळख, असलेल्या सर्व लेखांचा नमुना घेतला तेव्हा प्रमाण 28 टक्के भरले, वेब ऑफ सायन्स या सूचीत नोंदलेल्या 2009 ते 2015 च्या लेखांत 36 टक्के, आणि वाचकांनी प्रत्यक्ष शोधलेल्या लेखांत 47 टक्के.

वऱ्हाडातील वाचकास यात नवल वाटू नये. गावाची पैसेवारी 50 च्या वर लागली की खाली, यावर ज्याच्या सवलतींचा निर्णय होतो, त्या शेतकऱ्याला पीककापणीचा प्रयोग कोणत्या शेतात घेतला गेला याचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. विद्येच्या या पैसेवारीतही तीच गोम आहे. लेखांच्या मुक्त प्रती शोधणारे ‘अनपेवॉल’सारखे साधन डीओआय क्रमांकावर चालते; ज्या मजकुरास असा क्रमांकच नाही, असे जुने अंक, प्रबंध आणि शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मराठी पुस्तिका, तो मुक्त आहे की बंद, हे ठरण्याआधीच गणतीतून वगळला जातो. अंशाची चर्चा पुष्कळ होते. अन्याय होतो तो छेदात.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. 2007 पासून ‘सेरा’ या संघामार्फत कृषी विद्यापीठांना सशुल्क नियतकालिके वाचावयास मिळू लागली, आणि 2025 च्या आरंभापासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने, ज्यासाठी तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये मंजूर झाले, ही सोय सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत पसरविली. सोय निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु विद्यापीठाच्या फाटकाच्या आत बसून पाहणाऱ्यास जे जे उघडे दिसते ते मुक्त नव्हे, त्याचे मोल सरकारने चुकते केलेले आहे, आणि बार्शीटाकळीच्या कृषी सेवा केंद्रात बसलेल्या पदवीधरास तोच लेख कुलूपबंद आढळतो.

म्हणून खातरजमा करावयाची तर ती फाटकाबाहेरच्या जोडणीवरून, लेखागणिक करावी लागते. पूर्ण मजकूर उघडतो की केवळ सारांश? प्रकाशकाकडे उघडत असेल तर पुनर्वापराचा परवाना नोंदलेला आहे काय? नसेल तर तो ‘कांस्य’ वर्गात पडतो, म्हणजे आज मोकळा आणि उद्या प्रकाशकाच्या मर्जीने बंद. पिवोवर यांच्या अभ्यासात मुक्त लेखांतील सर्वांत मोठा वाटा नेमका याच वर्गाचा निघाला. प्रकाशकाकडे बंद असेल तर भांडारात लेखकाने ठेवलेली ‘हरित’ प्रत आहे काय, आणि ती उघडी आहे की ठरावीक मुदतीपर्यंत रोखलेली? पाहणीची तारीखही टिपलीच पाहिजे, कारण मुदत संपताच उत्तर बदलते.

हे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही, आणि ते परदेशी यंत्रावर सोपवून भागणार नाही. अकोला आणि अमरावती येथील विद्यापीठ ग्रंथालयांना माझी विनंती आहे की, त्यांनी दरवर्षी आपल्या संस्थेचे लेख, प्रबंध आणि मराठी पुस्तिका या तिन्हींची यादी समोर ठेवून ही मोजणी स्वतः करावी, आणि टक्केवारीसोबत ती कशाच्या किती संख्येवर काढली, हेही वार्षिक अहवालात छापावे.