ब्रह्महृदय : ग्रंथवचन आणि आकाश

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास वसईजवळील भुईगावच्या किनाऱ्यावर उभे राहिल्यास उत्तर क्षितिजापासून सुमारे ६३ अंश उंचीवर एक तेजस्वी, पिवळसर तारा दिसतो. सारथी तारकासमूहातील हा ब्रह्महृदय होय. प्राचीन ग्रंथातील विधानांची परीक्षा कशी करावी, याचा विचार या ताऱ्याच्या निमित्ताने करण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

सूर्यसिद्धान्तात ब्रह्महृदयाविषयी दोन महत्त्वाची विधाने आढळतात. आठव्या अधिकारात त्याचा उत्तर शर ३० अंश दिला आहे. नवव्या, म्हणजे उदयास्ताधिकारात अभिजित, स्वाती इत्यादींबरोबर ब्रह्महृदयाचे नाव घेऊन, उत्तरेकडील स्थानामुळे हे तारे सूर्यतेजात कधीही लोप पावत नाहीत, असे म्हटले आहे.

या ग्रंथाच्या आधुनिक अभ्यासाचा एक धागा महाराष्ट्रात सापडतो. एबेनेझर बर्जेस हे अमेरिकन मिशनरी १८३९ मध्ये मराठी मुलखात आले. शाळांसाठी मराठीत खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करताना ते भारतीय ज्योतिषाकडे वळले व त्यातूनच १८६० मध्ये सूर्यसिद्धान्ताचे सटीप इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथात योगतारांच्या निश्चितीचा प्रश्न साक्षेपाने हाताळला. ग्रंथोक्त अंक प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहणे, हे या दोन्ही प्रयत्नांचे समान सूत्र होय.

या कसोटीवर पहिले विधान टिकत नाही. ब्रह्महृदयाचा शर सुमारे २३ अंश आहे. सात अंशांचा हा फरक चंद्रबिंबाच्या सुमारे चौदा पट भरतो. दुसरे विधान मात्र तत्त्वतः बरोबर आहे. १० जूनच्या सुमारास सूर्य व ब्रह्महृदय यांचे विषुवांश समान होतात. तरीही भुईगावच्या अक्षांशावर हा तारा सूर्यापूर्वी सुमारे ५० मिनिटे उगवतो आणि सूर्यानंतर तितक्याच अवधीने वायव्येस मावळतो. परंतु नेमका तोच काळ पावसाळ्याच्या आगमनाचा असतो. त्यामुळे कोकणात ब्रह्महृदय झाकला जातो तो सूर्याने नव्हे, तर ढगांनी.

जी गोष्ट कोणत्याही ग्रंथकाराच्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते, ती वर्णपटाने उघड केली. १८९९ मध्ये कॅम्पबेल व न्यूऑल यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, हा एक तारा नसून परस्परांभोवती सुमारे १०४ दिवसांत फिरणारी जोडी आहे. सुमारे ४३ प्रकाशवर्षांवरील हे दोन्ही पिवळे राक्षसी तारे प्रत्येकी सूर्याच्या सुमारे अडीच पट वस्तुमानाचे आहेत. त्यांचे वय सुमारे ६० कोटी वर्षे, तर सूर्याचे ४६० कोटी; तरीही वार्धक्य आले ते त्यांनाच. वस्तुमान अधिक असल्याने त्यांच्या गाभ्यातील हायड्रोजन लवकर संपला.

तात्पर्य, एकाच ग्रंथातील एक वचन चुकीचे व दुसरे बरोबर असू शकते. म्हणून संपूर्ण ग्रंथाचा गौरव वा अव्हेर करण्यापेक्षा प्रत्येक विधान स्वतंत्रपणे तपासणे, हीच इतिहासाभ्यासकाची खरी जबाबदारी ठरते. ब्रह्महृदयाच्या बाबतीत त्यासाठी मे महिन्याच्या अखेरीची एक निरभ्र संध्याकाळ आणि वायव्येचे मोकळे क्षितिज एवढ्यावर आरंभ करता येईल.