लहानांची वीट, मोठ्यांची वीट

मी तिशी ओलांडलेला माणूस आहे आणि माझ्या कपाटात दीड वर्षाच्या मुलांसाठी बनवलेले ठोकळे आहेत. डुप्लो. मुलं मोठी झाली की लोक ते काढून टाकतात, तेव्हा मी घेतो. डहाणूत राहून असला छंद जोपासायचा म्हणजे लोक हसणारच. पण या ठोकळ्यांचा इतिहास शोधत गेलो, तर तो फिरून माझ्याच तालुक्यात येऊन थांबला. म्हणून हे लिहितोय.

दुप्पट म्हणजे आठपट

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने आज आपण ओळखतो त्या विटेचं पेटंट १९५८ साली घेतलं. ती वीट तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती देण्यासारखी नव्हती. बोटांत नीट धरता येत नाही आणि तोंडात घातली तर घशात अडकू शकते. म्हणून १९६९ मध्ये डुप्लो आलं. लॅटिनमध्ये ‘डुप्लस’ म्हणजे दुप्पट. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट, म्हणजे आकारमान आठपट.

यातली खरी गंमत मापात आहे. माप नेमकं दुप्पट ठेवल्यामुळे लेगोची छोटी वीट डुप्लोवर घट्ट बसते. त्यामुळे मोठ्या माणसांना ते लगेच उपयोगी पडलं. प्रदर्शनांत लेगोचे जे भलेमोठे डोंगर दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या पोटात डुप्लो असतं. आतला भराव मोठ्या ठोकळ्यांचा, वरचं कातडं छोट्या विटांचं. काही जण मात्र डुप्लो लपवत नाहीत, फक्त त्याच्यातच बांधतात. मी त्यांच्यातला. बारकावा दाखवायला जागाच नसते, त्यामुळे म्हैस करायची तर म्हशीत नेमकं काय महत्त्वाचं ते आधी ठरवावं लागतं.

खेळणं आधी मोठ्यांनी हाताळायचं

लहान मुलाला ठोकळे द्यावेत हा विचार लेगोपेक्षा बराच जुना आहे. फ्रेडरिक फ्रोबेलने जर्मनीत १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. त्याच्या खेळसाहित्याच्या एका पेटीत आठ लाकडी विटा असत. प्रत्येक वीट २ इंच लांब, १ इंच रुंद आणि अर्धा इंच जाड. हे गवंड्याच्या विटेचंच छोटं रूप.

पुढे १९०७ मध्ये मारिया माँटेसरीने रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं. तिच्या साहित्यातला गुलाबी मनोरा तुम्ही पाहिला असेल. १ सेंटीमीटरपासून १० सेंटीमीटरपर्यंतचे दहा घन, एकावर एक. माँटेसरीच्या प्रशिक्षणातला एक नियम मला फार आवडतो. मुलाला दाखवण्याआधी शिक्षिकेने ते साहित्य स्वतः पुन्हा पुन्हा हाताळायचं. म्हणजे मोठ्या माणसांनी लहानांचे ठोकळे रचणं हा तिथे अभ्यास असतो.

अडचण होती ती किमतीची. घन अगदी अचूक हवेत, लाकूड चांगलं हवं, रंग गुळगुळीत हवा. गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत बघता बघता पैसेवाल्यांच्या शाळांत जाऊन बसली.

बोर्डी, १९४५

ताराबाई मोडक १९२० च्या दशकात भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. हे काम बहुतांशी शहरात चालत होतं. १९४५ च्या डिसेंबरमध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. तेव्हा ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या, अनुताई पस्तिशीच्या.

ते वर्ष लक्षात घ्या. त्याच १९४५ च्या मे महिन्यात, बोर्डीपासून फार दूर नसलेल्या झरी गावात हजारो वारली जमले होते. आज ते गाव तलासरी तालुक्यात आहे. वेठबिगार करणार नाही, असं त्यांनी तिथे ठरवलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. एकाच वर्षात, एकाच टापूत, मोठी माणसं फुकट राबायला नकार देत होती आणि कुणीतरी त्यांच्या मुलांनी खेळावं म्हणून जागा शोधत होतं. दोन्ही चळवळींचे रस्ते वेगळे होते. पण मोठ्यांचे हात वेठीत अडकले असतील तर मुलांचे हात खेळायला मोकळे राहत नाहीत, हे वारली पाड्यांत रोज दिसत होतं.

बोर्डीत मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. तिथून ‘अंगणवाडी’ आली. या कल्पनेचं श्रेय ताराबाईंना दिलं जातं. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हाच शब्द देशभर गेला. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर आलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं म्हणून थोरली येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, ती विकासवाडी.

आणि साहित्य? परिसरात मिळेल ते. बिया, शिंपले, खडे, पानं, काड्या, माती. मोजायला बिया, लहान-मोठं लावायला खडे. गुलाबी मनोऱ्यामागचा विचार ठेवला आणि त्याचं महागडं लाकूड सोडलं. अनुताई १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कोसबाडलाच राहिल्या.

तीन किलोची वीट

या भागातल्या विटेची गोष्ट इथे संपत नाही. भातकापणी आणि दिवाळी उरकली की डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्यातली अनेक कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे. चिखल मळायचा, साच्यात थापायचा, कच्ची वीट उन्हात उलटायची, वाहायची, भट्टी रचायची. हिशेब हजार विटांमागे होतो. पाऊस तोंडावर आला की परत गावी.

तिथे राहायला जे खोपट असतं त्याला भोंगा म्हणतात. विटाच एकावर एक रचून भिंती उभ्या करायच्या आणि वर काहीतरी टाकायचं. भोंग्याच्या आसपास वाढणारी मुलं विटा उलटायला मदत करतात. हे काम हलकं, म्हणून त्यांच्याकडे येतं. पक्की वीट साधारण तीन किलोची असते. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने या मुलांसाठी भट्टीवरच शाळा सुरू केल्या. त्यांना नाव पडलं भोंगाशाळा. म्हणजे अंगणात गेलेली, कुरणात गेलेली शाळा आता भट्टीवर पोचली.

माझ्या छंदाकडे मी आता या बाजूने बघतो. रचणं, पाडणं, पुन्हा रचणं. यातलं ‘पाडणं’ फक्त खेळात परवडतं. भट्टीवर पडलेली वीट हजारात धरली जात नाही. फ्रोबेलने मुलाच्या हातात छोटी वीट दिली, लेगोने ती आठपट करून अजून लहान मुलापर्यंत नेली, आणि आज माझ्यासारखे मोठे लोक ती हौसेने गोळा करतात. हे सगळं चांगलंच आहे. पण कोसबाडच्या टेकडीवर विचारलेला प्रश्न याहून अवघड होता. ज्या मुलाच्या हातात खेळण्याच्या आधी काम येतं, त्याला खेळायला वेळ कोण देणार?

खडे आणि शिंपले फुकट होते. महाग होता तो वेळ, आणि तो मिळवायला शाळेला अंगणात, कुरणात आणि भट्टीवर जावं लागलं. दिवाळीनंतर डहाणू-तलासरीतून कुटुंबं अजूनही भट्टीकडे निघतात, मुलांना सोबत घेऊन. ते काम संपलेलं नाही.