फरशीखालची माती

नांदेड-लातूरकडील जुन्या घरांच्या अंगणांत शहाबादी फरशी हटकून आढळते. हा चुनखडीचा दगड गुलबर्ग्याकडचा. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, आपण मुंबई राज्यात आलो. फरशी मात्र अंगणातच राहिली, आणि कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’ म्हणण्याची सवयही.

दारापर्यंत मोटार आणावयाची तर दगड जाड हवा, हे सर्वांनाच कळते. परंतु अंगणाचे नशीब खालच्या मातीत असते. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरची फरशी डुगडुगू लागते. म्हणून जाणता गुत्तेदार आधी माती पाहतो, मग भाव सांगतो. काळी माती उपसून तो मुरूम भरतो, पाणी मारून धुमसाने ठोकतो, उतार देतो. त्या दिवशी मालकाने जवळ उभे राहावे. दिवाळीला रांगोळी फरशीवर दिसते. खालचा मुरूम पुन्हा कोणाला दिसत नाही.