वाँटेजची मराठी शिकवणी

आमच्या चामराजपुरमच्या घरात पंडिता रमाबाईंचं नाव एकदाच मोठ्याने घेतलं गेल्याचं मला आठवतं. पुण्याहून पोस्टाने येणारं मासिक बाबा रात्रीच्या जेवणानंतर वाचून दाखवत. त्या दिवशीचा लेख रमाबाईंवर होता. दोन परिच्छेद झाले असतील नसतील, आजी म्हणाली, "साकु! तिचं पुराण या घरात नको. बाटली ती." साकु म्हणजे कानडीत 'पुरे'. आमच्याकडे गप्पा मराठीत होत आणि हुकूम कानडीत सुटत. बाबांनी पान उलटलं आणि पुढची कथा वाचायला घेतली.

आम्ही माध्व. भिंतीवर मठाचं पंचांग, एकादशी कडक, आणि आजी दोनदा उडुपीला जाऊन आलेली. तिच्या लेखी रमाबाईंचा अपराध दुहेरी होता. धर्म सोडला हा एक, आणि शिकायला म्हणून विलायतेला गेली असताना सोडला हा दुसरा. "शिकायला म्हणून जातात आणि..." हे अर्धवट वाक्य मी २००३ साली पुन्हा ऐकलं. या वेळी ते माझ्याबद्दल होतं.

मी तेव्हा तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते आणि एका सत्रासाठी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात जाणार होते. कागदोपत्री मी 'विनिमय विद्यार्थिनी'. करार असा की इकडून दोघांनी जायचं, तिकडून दोघांनी यायचं. आमच्या वर्षी तिकडून कोणीच आलं नाही. तिथल्या कचेरीतल्या बाईंना मी एकदा विचारलं, तेव्हा त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या की आमच्या मुलांना इटली आणि स्पेन जवळ पडतं. भाषांतराच्या तासाला दर आठवड्याला मला पाच मिनिटं मिळत, 'भारतीय दृष्टिकोन' मांडायला. वाचनाच्या यादीत मराठी किंवा कानडी पुस्तक एकही नव्हतं. मी पुष्कळ शिकले, हे नाकारत नाही. पण विनिमय कशाचा झाला, हे मला सप्टेंबरपासून नाताळापर्यंत कळलं नाही.

त्या ग्रंथालयात, तळमजल्याच्या खालच्या मजल्यावर, मला रमाबाईंच्या पत्रांचा तो जाड ग्रंथ सापडला. सिस्टर जेराल्डिन यांनी जमवलेली पत्रं, संपादक अ. भि. शहा, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळ, मुंबई, १९७७. मुंबईत छापलेलं पुस्तक वाचायला मला तिथे जावं लागलं. पत्रं मात्र इंग्रजीत.

रमाबाई तशा आमच्याच मुलखातल्या, हे आजीला ठाऊक नव्हतं. जन्म २३ एप्रिल १८५८, गंगामूळच्या रानात. तेव्हाचं म्हैसूर संस्थान, आताचा चिक्कमगळूरू जिल्हा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून पंडितांनी जाब विचारला, आणि तो जाब त्यांनी दिला उडुपीला, शास्त्राधार काढून. आजी ज्या देवळात दोनदा जाऊन आली, त्याच गावात रमाबाईंच्या आईच्या शिक्षणाचा वाद झाला होता. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणलं. मग वर्षानुवर्षं भटकंती. पुराणं सांगायची, मिळेल ते खायचं. आईवडील आणि बहीण उपासमारीच्या त्या वर्षांत गेले. उरलेली दोघं भावंडं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं, आणि १८८२ च्या सुरुवातीला तोही गेला. पदरात मनोरमा. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे मराठीत साक्ष देऊन बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात असं सांगितलं. हंटरसाहेबांनी त्या साक्षीचं इंग्रजी भाषांतर करवून घेतलं.

स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणूनच त्या एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून निघाल्या. तिकिटाचे पैसे 'स्त्रीधर्मनीति' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभे केलेले. ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी सेंट मेरी द व्हर्जिन या पंथाच्या सिस्टरांचा मठ होता, त्यांची एक शाखा पुण्यात होती. तिथे उतरायचं ठरलं. अट काय? राहणं, जेवण आणि इंग्रजी त्यांनी द्यायचं, आणि हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाईंनी मराठी शिकवायचं.

हे वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. माझ्या करारातलं जे कलम कागदावरच राहिलं, ते एकशेवीस वर्षांपूर्वी एका पंचवीस वर्षांच्या विधवेने मांडून, पाळून दाखवलं होतं.

त्या उन्हाळ्यातलं त्यांचं 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्र, सदाशिव पांडुरंग केळकरांना लिहिलेलं, मराठीत आहे आणि १८८३ मध्येच छापलं गेलं. त्यानंतरचं जे काही महत्त्वाचं आहे, ते इंग्रजीत. म्हणजे पोचल्याची हकीकत आपल्या भाषेत आणि भांडण त्यांच्या भाषेत. माझ्यासारख्या भाषांतर करणारीला हा फरक फार छळतो.

पुढचे महिने काळे आहेत. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आत्महत्या केली. आपल्याला जबरदस्तीने ख्रिस्ती करतील अशी भीती त्यांच्या मनाने घेतली होती, असं सांगितलं जातं. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाई आणि मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. दोन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ घडल्या की त्यांचा संबंध जोडायचा मोह कोणालाही होईल. मी जोडत नाही, कारण रमाबाईंनी स्वतः जे सांगितलं त्यात आपण विचार करून हे केलं असंच आहे. इकडे महाराष्ट्रात टीकेची झोड उठली. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ऐकायला कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेतही बारगळला.

मग १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील. बीलबाई १८५८ मध्ये त्या जागी आल्या, म्हणजे रमाबाईंच्या जन्माच्या वर्षी. गणित, सृष्टिविज्ञान, इंग्रजी साहित्य हे विषय रमाबाई शिकत आणि संस्कृत शिकवत. विद्यार्थिनीही, शिक्षिकाही. एका शनिवारी बसने जाऊन मी ते कॉलेज पाहून आले, बाहेरून. मधाच्या रंगाच्या दगडाचं गाव आहे. पावसात उभी राहून मी एवढाच हिशेब करत होते की इथून वाँटेजला, आपल्या चार वर्षांच्या मुलीला भेटायला, ही बाई किती वेळा गेली असेल.

खरा तिढा पडला तो शिकवण्यावरून. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही आपल्या देशाच्या भाषा शिकवाव्यात, असा विचार निघाला. बीलबाईंना त्यात वावगं वाटत नव्हतं. पण गोष्ट लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांपर्यंत गेली आणि दोघांनी नको म्हणून कळवलं. कारण दिलं ते असं की हिंदुस्थानात तिची पत जाईल, तिथल्या बायका तिला जवळ करणार नाहीत. म्हणजे हिंदुस्थानची रीत हिंदुस्थानी बाईला इंग्लंडातून समजावून दिली जात होती. रमाबाईंनी बीलबाईंना लिहिलेलं उत्तर वाचताना मला हसू आलं आणि घसा दाटून आला, दोन्ही. आशय असा: माझ्या आईने आणि मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, माझ्या नवऱ्याने घेतली नाही, आणि ती घेताहेत इंग्रज माणसं, याचं मला नवल वाटतं. विचार करायला मन आणि निवाडा करायला बुद्धी मला दिलेली आहे, ती मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, हेही त्यांनी बजावलं.

या पत्रांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. स्वतंत्र बाण्याची बाई, साम्राज्याला उत्तर देणारी बाई, वगैरे. ते खरंच आहे. पण भाषांतर करताना वाक्यं उलगडून बघावी लागतात, आणि उलगडल्यावर मला दुसरंच काही दिसलं. हे इंग्रजी नवशिक्या बाईचं आहे, तरी त्याची बांधणी विलक्षण पक्की आहे. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून नेमकं मांडायचं. मग त्यातलं मान्य काय ते सांगायचं. मग प्रमाण कुठलं मानायचं हे विचारायचं. मग एकेक मुद्दा सोडवायचा. हा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष आहे. अनंतशास्त्री उडुपीला जे करून आले, ते त्यांची मुलगी चेल्टनहॅमहून टपालाने करत होती. त्रैक्य, येशूचा कुमारीपोटी जन्म, चर्चचा अधिकार, सगळ्याला तीच रीत. शास्त्रार्थात समोरच्याला मान देणं म्हणजे त्याचं म्हणणं तपासून घेणं. सिस्टरांच्या घरात मान देणं म्हणजे ऐकणं. रमाबाई मान देत होत्या आणि वाचणाऱ्याला उद्धटपणा दिसत होता.

जेराल्डिन या काही दुष्ट बाई नव्हत्या. पुण्यात राहून आलेल्या, मनोरमावर जीव असलेल्या. पण आपण गर्व नावाच्या रोगावर इलाज करतो आहोत अशी त्यांची समजूत होती. रमाबाई मांस-अंडं खात नाहीत, तर तो जातीचा अहंकार. यावर रमाबाईंनी लिहिलं की शोधायचाच असेल तर माझा गर्व तुम्ही खुशाल पुडिंगात आणि पायमध्ये शोधा. मी माझ्या लोकांत परत जाणार आहे, त्यांच्यासारखी राहून जाईन. मी वसतिगृहाच्या भोजनघरात तीन महिने उकडलेल्या बटाट्यांवर काढले होते. त्यामुळे हे पत्र मी जरा जास्तच आवडीने वाचलं, हे कबूल करते.

आणि तो क्रूस. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, आणि रमाबाईंना संस्कृत शब्दाचा क्रूस हवा होता. त्यांनी विचारलं की लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? की ब्राह्मणांना जसं संस्कृत ही देवाची भाषा वाटते, तसंच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटतं? मला लॅटिन कळत नाही, माझ्या देशातल्या बायकांना कळत नाही, मग ते गळ्यात कशाला? भाषांतराच्या आमच्या तासाला अख्ख्या सत्रात इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मीही नाही. पाच मिनिटांत मी 'बहुभाषिकता' म्हणत बसायची.

हा प्रश्न त्यांनी पुढे सोडला नाही, हे विशेष. फेब्रुवारी १८८६ मध्ये त्या इंग्लंड सोडून अमेरिकेला गेल्या, ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या. पुढचं शारदासदन आणि केडगावचं मुक्तिसदन सगळ्यांना माहीत आहे. पण उतारवयात, ऐकू जवळजवळ येत नसताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मराठीत आणायला बसल्या. साध्या बायकांना कळेल असं मराठी हवं, म्हणून. मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, केडगावच्या छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून छापलेलं.

मी डिसेंबरात परतले. आजी तेव्हा आजारी होती. चामराजपुरम स्टेशनावरून चामराजनगरची गाडी गेल्याचा आवाज घरात ऐकू येतो, त्यावर ती औषधाची वेळ ठरवायची. एका संध्याकाळी मी तिला उडुपीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. एका शास्त्र्याने बायकोला शिकवलं, पंडित चिडले, त्याने आधार काढून दाखवले. आजी शाळेत तिसरीपर्यंत गेलेली. तिने विचारलं, "मग? जिंकला का?" मी म्हटलं, त्याला वाळीत टाकता आलं नाही. "बरं झालं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "त्याला पोरंबाळं?" एक मुलगी होती, फार शिकली, एवढंच मी सांगितलं. पुढचं सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि उन्हाळ्यात ती गेली.

आता त्या पत्रांपैकी काहींचं मी मराठी करते आहे. शास्त्रार्थाची वाक्यं आपसूक बसतात, जणू ती परत घरी येताहेत. अडते आहे ती एका शब्दावर. रमाबाई जेराल्डिनना 'आजीबाई' म्हणत आणि पत्रातही तसंच लिहीत, इंग्रजी वाक्यात, इंग्रजी अक्षरांत. कडाक्याच्या भांडणाचं पत्र असलं, तरी सुरुवातीला आजीबाई. अख्ख्या इंग्रजी पानावर तो एक मराठी शब्द उठून दिसतो. वाँटेजच्या शिकवणीतून त्या बाईंना नक्की पोचलेला असा तो एक शब्द. माझ्या मराठी पानावर तो इतर शब्दांत मिसळून जातो. सध्या मी तो जाड ठशात ठेवला आहे. संपादकांचं म्हणणं आहे की तसं ठेवू नये.