एम १०१ : न झालेल्या फिरकीची गोष्ट

१/ सप्तर्षींतील वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांसह साधारण समभुज त्रिकोण होईल अशा जागी एक अंधूक, धूसर ठिपका आहे : एम १०१. १९१६ साली या ठिपक्याविषयीचे एक मोजमाप प्रसिद्ध झाले आणि पुढची जवळजवळ दहा वर्षे विश्वाच्या आकाराचा वाद त्याच्याशी अडखळत राहिला. ते मोजमाप चुकीचे होते.

२/ पिएर मेशँ या फ्रेंच निरीक्षकाने १७८१ मध्ये हा तेजोमेघ शोधला आणि शार्ल मेसिएने तो आपल्या यादीत घेतला. १८४५ मध्ये आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांना ७२ इंची दुर्बिणीतून एम ५१ या तेजोमेघाची सर्पिल रचना दिसली. पुढे एम १०१ सह अनेक तेजोमेघ सर्पिल असल्याचे उघड झाले. मात्र हे सर्पिल म्हणजे नेमके काय?

३/ याविषयी दोन मते होती. एका मताप्रमाणे ते आपल्या आकाशगंगेच्याच परिसरातील वायूचे भोवरे होते. दुसऱ्या मताप्रमाणे ती आकाशगंगेसारखीच स्वतंत्र ‘विश्वद्वीपे’ होती. पहिले मत खरे असेल तर आकाशगंगा हेच जवळपास संपूर्ण विश्व. दुसरे खरे असेल तर ती असंख्यांतील एक. निवाडा अंतरावर अवलंबून होता आणि अंतर मोजण्याचे खात्रीचे साधन हाती नव्हते.

४/ कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत आद्रियान फान मानेन हे डच खगोलज्ञ काम करीत. सूक्ष्म मोजमापांतील त्यांचा हातखंडा सर्वमान्य होता. काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या एम १०१ च्या छायाचित्रांच्या काचा त्यांनी शेजारी ठेवल्या आणि सर्पिल भुजांतील ठळक बिंदू किती सरकले हे मोजले.

५/ निष्कर्ष थक्क करणारा होता. तेजोमेघ फिरत होता आणि एका फेरीला त्याला सुमारे ८५,००० वर्षे लागत होती. पुढे १९२३ पर्यंत त्यांनी आणखी काही सर्पिल मोजले. त्या सर्वांतही तशीच गती आढळली.

६/ या आकड्याचे वजन साध्या हिशेबातून कळते. एम १०१ ची त्रिज्या ८५,००० प्रकाशवर्षे धरली, तर तिचा परीघ सुमारे ५ लाख ३४ हजार प्रकाशवर्षे होतो. एवढी वाट कडेच्या ताऱ्याने ८५,००० वर्षांत संपवायची, तर त्याला प्रकाशाच्या सहापट वेगाने धावावे लागेल. हे अशक्य. म्हणजे तेजोमेघ लहान आणि जवळचाच असला पाहिजे.

७/ २६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपली आणि हेबर कर्टिस यांची प्रसिद्ध चर्चा झाली. आकाशगंगेचा व्यास ३ लाख प्रकाशवर्षे मानणाऱ्या शॅपलींना फान मानेनांची मोजमापे हा भक्कम आधार वाटला. विश्वद्वीपांचे समर्थक कर्टिस यांनीही मान्य केले की ही गती सिद्ध झाली, तर आपले मत सोडावे लागेल. त्यांचा आक्षेप मोजमापांच्या विश्वासार्हतेवर होता.

८/ ऑक्टोबर १९२३. त्याच माउंट विल्सनवर एडविन हबल यांना १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या देवयानी तेजोमेघाच्या छायाचित्रात एक सेफीड रूपविकारी तारा सापडला. अशा ताऱ्यांचा आवर्तकाल आणि त्यांची तेजस्विता यांचे नाते हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्येच मांडले होते. त्यावरून अंतर निघाले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. देवयानी आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे होती.

९/ फेब्रुवारी १९२४ मध्ये हबलनी हे शॅपलींना पत्राने कळवले. औपचारिक शोधनिबंध मात्र १ जानेवारी १९२५ रोजी वाचला गेला. हा विलंब का? आपले निष्कर्ष फान मानेनांच्या मोजमापांना थेट छेद देतात म्हणून प्रसिद्धीची घाई केली नाही, असे हबलनी स्वतःच नंतर एका पत्रात लिहिले. दोघे एकाच वेधशाळेतले सहकारी होते.

१०/ सेफीडांचा पुरावा बहुतेकांनी स्वीकारला, पण ‘फिरणारे’ सर्पिल कागदावर तसेच राहिले. अखेर १९३५ मध्ये हबलनी अधिक वर्षांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांवरून नवी मोजमापे प्रसिद्ध केली. फिरकीचा मागमूस नव्हता. त्याच वेळी फान मानेनांनीही आपल्या जुन्या निष्कर्षांकडे सावधपणे पाहावे, असे मान्य केले.

११/ ही लबाडी नव्हती. पाच वर्षांतील ते तथाकथित सरकणे काचेवर मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतके होते; ते मोजण्याच्या कुवतीच्या अगदी काठावरचे होते. त्या मोजमापांवर भरवसा का ठेवला, याचे उत्तर शॅपलींनी उतारवयात मोकळेपणाने दिले : फान मानेन आपले मित्र होते. साधनाची मर्यादा तपासण्याआधी साक्षीदाराची कीर्ती पाहिली गेली. कागदपत्रांवर काम करणाऱ्या इतिहासकारालाही हा मोह अपरिचित नाही.

१२/ आज एम १०१ चे अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे आणि व्यास सुमारे १ लाख ७० हजार प्रकाशवर्षे मानला जातो. म्हणजे वरच्या हिशेबातील त्रिज्या कल्पित नाही, तिची खरीच आहे. ही दीर्घिका फिरतेही, पण एका फेरीला कोट्यवधी वर्षे घेते. मे २०२३ मध्ये तिच्यात दिसलेला सुपरनोव्हा अनेक हौशी निरीक्षकांनी छोट्या दुर्बिणींतून पाहिला. तो प्रकाश तिथून निघाला, तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता.