पेंट करेक्शन म्हणजे काय? गाडीचे स्क्रॅच जातात तेव्हा नक्की काय जातं?



रील्समध्ये तुम्ही असा व्हिडिओ नक्की पाहिला असेल. काळ्या गाडीच्या बॉनेटवर मधोमध टेप लावलेली असते. एका बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे, दुसरी बाजू आरशासारखी लख्ख. खाली लिहिलेलं असतं ‘पेंट करेक्शन’. बऱ्याच जणांना वाटतं की ओरखड्यांत काहीतरी भरून ते बुजवले. खरं तर उलटं असतं. काहीच भरलेलं नसतं, वरचा थर घासून कमी केलेला असतो. आणि तो थर पुन्हा येत नाही. म्हणून गाडी डिटेलिंग स्टुडिओत सोडण्याआधी हे काम चालतं कसं, ते आज समजून घेऊ.

गाडीचा रंग किती जाड असतो?

पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा ई-कोट असतो, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून बहुतेक गाड्यांवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे अख्खा रंग दोन केसांएवढा! त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, एका केसापेक्षाही पातळ.

चमक याच थरामुळे दिसते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला हाच वाचवतो. तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छतावर, बॉनेटवर पांढुरके चट्टे पडतात आणि पापुद्रे निघायला लागतात. मग कुठलंही पॉलिश चालत नाही, तो पॅनल पुन्हा रंगवावाच लागतो.

हलक्या फिनिशिंग पॉलिशने साधारण एखादा मायक्रॉन जातो, जोरदार कंपाउंडिंगने दोन-चार, वॉटर पेपर मारला तर त्याहून जास्त. एकदा केलं तर काही बिघडत नाही. पण दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणाऱ्या गाडीचा हिशोब तुम्हीच करा.

गोल गोल ओरखडे येतात कुठून?

यांना स्वर्ल मार्क्स म्हणतात. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा गोल नसतातच. ओरखडे सगळ्या दिशांना गेलेले असतात, पण प्रकाशाच्या किरणाला आडवे असलेलेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. पांढऱ्या गाडीवर ते लपतात, काळ्या-निळ्या गाडीवर डोळ्यांत भरतात.

आपल्याकडचं मोठं कारण रोज सकाळी सोसायटीत दिसतं. एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. रात्रभर बसलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. त्यावर कोरडं किंवा अर्धवट ओलं फडकं फिरवलं की ते पॉलिश पेपरचं काम करतं. पुसणाऱ्या काकांची यात काही चूक नाही, गाडी रोज पुसलेली हवी हा हट्ट मालकांचाच असतो.

तुमच्या गाडीवर किती आहेत हे बघायला मोबाईल पुरतो. अंधाऱ्या पार्किंगमध्ये टॉर्च लावून फोन बॉनेटजवळ धरा. ट्यूबलाईटचा प्रकाश पसरट असतो, त्यात काही दिसत नाही; एकाच बिंदूतून येणारा प्रकाश हवा. फोटो काढायचा असेल तर स्क्रीनवर टॉर्चच्या प्रतिबिंबावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि ब्राईटनेस खाली ओढा. काम देण्याआधीचे असे चार-पाच फोटो जवळ ठेवाच.

मग नखाची टेस्ट. ओरखड्यावरून नख हलकेच आडवं फिरवा. अडकलं तर ओरखडा बहुधा पॉलिशने जाण्याइतका उथळ नाही. तिथे टच-अप किंवा रंगकाम, हेच उत्तर. ‘घासून काढतो ना साहेब’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

स्टुडिओत काय काय होतं?

गाडी नीट धुतली जाते. मग आयर्न रिमूव्हर फवारतात. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण विरघळताना जांभळे ओघळ येतात, ते दिसायला भारी वाटतं. नंतर क्ले बारने चिकटलेली घाण ओढून काढतात आणि प्लास्टिकच्या कडांना टेप लावतात.

यानंतरची पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि घाईच्या कामात हीच गाळली जाते: पेंट थिकनेस गेजने जाडी मोजणं. हे छोटं यंत्र पॅनलवर टेकवलं की एकूण जाडी सांगतं. फक्त क्लिअर कोट किती, हे साधं गेज सांगत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही, कारण त्याला खाली धातू लागतो. तरी आकडे खूप बोलतात. सगळ्या गाडीवर १२० आणि एका दारावर २५० आलं, तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. हजाराच्या वर गेलं तर आत पुट्टी भरलेली असणार. (सेकंड हँड गाडी घेतानाही हे गेज फार कामाचं.) उलट कुठे आकडा ८०-९० वर आला आणि बाकी गाडी १२० असेल, तर तिथे आधीच कुणीतरी भरपूर घासलंय. तिथे मशीन लावायचं की नाही, हे विचारूनच ठरवावं.

मग छोट्या चौकोनावर टेस्ट स्पॉट करतात. चांगला कारागीर आधी सगळ्यात मऊ पॅड आणि हलकं पॉलिश वापरून बघतो, त्याने भागलं नाही तरच कंपाउंडकडे जातो. मशीन दोन प्रकारची: रोटरी एकाच अक्षावर गरगर फिरते, झपाट्याने कापते पण गरमही लवकर करते, ड्युअल अ‍ॅक्शन फिरता फिरता डोलते, त्यामुळे धोका कमी. रोटरी नवख्या हातात गेली की उन्हात होलोग्रामसारखे पट्टे दिसतात. कडांवर आणि बॉडी लाईनवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे तर दोन सेकंद जास्त थांबलं तरी खालचा रंग उघडा पडू शकतो.

चमक खरी की तात्पुरती?

काही ग्लेझ आणि स्वस्त पॉलिशमध्ये तेल-मेण असतं. ते ओरखड्यांत बसतं, गाडी झकास दिसते आणि चार धुण्यांत सगळे ओरखडे परत हजर. हे ओळखायला गाडी ताब्यात घेताना एका पॅनलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचं मिश्रण मारून पुसायला सांगा. त्यानंतर टॉर्च लावा आणि आधीच्या फोटोंशी ताडून बघा.

सिरॅमिक कोटिंगबद्दल थोडक्यात. त्याचा थर साधारण एखाद्या मायक्रॉनचा असतो. तो मोबाईलच्या स्क्रीनवरच्या ऑलिओफोबिक थरासारखा समजा: पाणी, घाण टिकत नाही, धुणं सोपं होतं, पण ओरखडे थांबत नाहीत. जाहिरातीतलं ‘९एच’ हे पेन्सिलींच्या कडकपणाचं माप आहे, हिरे-माणकांचं नाही. ओरखडे, उडणारी खडी रोखायची तर पीपीएफ, म्हणजे १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म. तो खरा स्क्रीनगार्ड, आणि किंमतही तशीच. दोन्ही करेक्शननंतरच लावतात, नाहीतर जुने ओरखडे खाली तसेच राहतात.

रोज वापरायच्या गाडीला मी सिंगल स्टेज पॉलिशच सुचवेन. बहुतेक जाळी निघते, खोल ओरखडे चार राहिले तर राहू देत. शंभर टक्के करेक्शन शोमधल्या गाड्यांना ठीक आहे.

आणि नवीन गाडी घेत असाल तर डिलिव्हरीच्या आधीच शोरूमला सांगून ठेवा: आमची गाडी पॉलिश करू नका, कोरडी पुसू नका. यार्डातली धूळ घाईघाईने पुसताना कोऱ्या गाडीवरही जाळी पडते.