शत्रूची भाषा, शत्रूच्याच घरी

१/ १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा लढले. शाळांतून परस्परांची भाषा शिकवली जात होतीच. पण पुस्तकातल्या भाषेने वैर निवळले नाही.

२/ महायुद्धानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १९५० साली, फ्रान्सचे माँबेल्यार आणि जर्मनीचे लुडविग्सबुर्ग ही नगरे मैत्रीच्या नात्याने जोडली गेली.

३/ याच लुडविग्सबुर्गमध्ये ९ सप्टेंबर १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल जर्मन तरुणांशी बोलले, तेही जर्मनमध्ये. पहिल्या महायुद्धात ते जर्मनांचे युद्धकैदी होते.

४/ २२ जानेवारी १९६३ रोजी द गॉल आणि जर्मन चान्सलर आडेनाउअर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या. संरक्षणाच्या कलमांसोबत त्यात परस्परांची भाषा शिकणारे विद्यार्थी वाढवण्याचेही वचन होते. त्याच वर्षी उभयपक्षी युवक-विनिमय संस्था स्थापन झाली.

५/ शालेय विनिमयाची पद्धत साधी. विद्यार्थी परक्या कुटुंबात राहतो, यजमानांच्या मुलाबरोबर वर्गात बसतो, गाव पाहतो. पुढे ते मूल त्याच्या घरी येते. न्याहारीला पाव मागताना, चुकलेली वाट विचारताना व्याकरण आपोआप अंगवळणी पडते. सुरुवातीच्या काळात तर दार उघडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी युद्ध स्वतः भोगलेले होते.

६/ या संस्थेच्या उपक्रमांत आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनी भाग घेतला. मात्र आता दोन्हीकडे इंग्रजीचा ओढा वाढला असून शेजाऱ्याची भाषा निवडणारे विद्यार्थी घटत आहेत. करार कागदावर शाबूत राहील. पण शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याच भाषेत बोलणारी मुले दर पिढीला नव्याने घडवावी लागतात.